स्क्वायरचा बेस घ्यावा का? ऐरोलीच्या एका मुलीला उत्तर

तुझा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तू ऐरोलीची, वय १९. दोन वर्षं कॉलेजच्या बँडमध्ये मैत्रिणीचा बेस गिटार मागून वाजवते आहेस. आता मामांच्या ऑर्केस्ट्रात हळदीच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमांना वाजवायचं ठरलंय. साठवलेले ३५ हजार रुपये आहेत. दुकानात स्क्वायरचे, म्हणजे फेंडरच्या स्वस्त ब्रँडचे, बेस बघून आलीस, पण मित्र म्हणतात, ‘त्यात पैसे घालवू नकोस, थांब आणि थेट फेंडरच घे.’ शिवाय हात लहान आहेत आणि बेसच्या दोन आकारांपैकी जॅझ घ्यावा की प्रिसिजन हे ठरत नाही.

घे. स्क्वायर नक्की घेण्यासारखा आहे. मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. स्क्वायर दुकानातून बाहेर पडतो तेव्हा तो अर्धाच तयार असतो, उरलेला अर्धा सेटअप केल्यावर, म्हणजे मान, खाचा आणि तारांची उंची नीट जुळवल्यावर, तयार होतो. म्हणून ३५ हजारांतले चार-पाच हजार सेटअप आणि नव्या तारांसाठी बाजूला काढ आणि उरलेल्या रकमेत खरेदी कर. हे ज्यांनी केलं त्यांचे बेस मी दहा-दहा वर्षं स्टेजवर बघतो आहे. ज्यांनी नाही केलं त्यांनी सहा महिन्यांत ‘स्क्वायर फालतू आहे’ म्हणून विकून टाकले. त्यातले दोन मीच विकत घेतले, नीट केले, आणि ते आजही वाजतात.

मी २६ वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आहे. ठाण्यात चराईला घरच्या एका खोलीत लोकांचे बेस आणि गिटार दुरुस्त करतो. पुढे जे लिहितोय ते त्या टेबलावरचं आहे.

स्क्वायर आणि फेंडर हे एकाच घरातले. स्क्वायर ही मुळात अमेरिकेतली तारा बनवणारी जुनी कंपनी. फेंडरने ती १९६५ साली घेतली आणि १९८२ पासून ते नाव आपल्या स्वस्त वाद्यांना दिलं. प्रिसिजन बेस १९५१ चा आणि जॅझ बेस १९६० चा, दोन्ही आकार लिओ फेंडरच्या काळातले. स्क्वायरवर तेच आकार आणि तीच ३४ इंची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, मिळते. तुझ्यासाठी याचा अर्थ असा की उद्या पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक), ब्रिज (तारा बॉडीवर टेकतात तो भाग), खुंट्या, काहीही बदलायचं म्हटलं तर बाजारात भाग मिळतात आणि माझ्यासारख्या माणसाला ते वाद्य आतून-बाहेरून माहीत असतं. हळदीच्या आदल्या दिवशी पॉट (आवाजाच्या बटणाखालचा भाग) गेलं तर हीच गोष्ट कामाला येते.

स्क्वायरमध्ये तू तीन पायऱ्या बघितल्या असशील. सर्वांत खाली सॉनिक, २०२३ साली आलेली. मध्ये अफिनिटी. वर क्लासिक व्हाइब, पहिल्यांदा २००८ च्या सुमारास आलेली आणि २०१९ मध्ये नव्याने आणलेली. किमती सारख्या हलतात म्हणून आकड्यांत पडत नाही, पण क्लासिक व्हाइब साधारण अफिनिटीच्या दीडपट पडतो. मेक्सिकोत बनणारा फेंडर प्लेअर घ्यायचा तर अफिनिटीच्या दुपटीहून बरेच जास्त मोजावे लागतात. त्यासाठी दोन वर्षं थांबलीस तर दोन सीझनच्या हळदी हातच्या जातील, आणि वाजवून हात तयार होण्याची जी वर्षं असतात तीही जातील. मित्रांचा सल्ला मला मान्य नाही.

वरच्या पायरीला जास्त पैसे मोजतेस ते कुठे जातात हे समजून घे. लाकडात फारसे जात नाहीत. सॉनिक आणि अफिनिटीची बॉडी पॉपलरची असते, क्लासिक व्हाइबच्याही काही मॉडेलांत पॉपलरच असतं, आणि पॉपलरचा बेस वाईट वाजतो असं माझ्या कानांनी मला कधी सांगितलं नाही. पैसे जातात ते फ्रेट (नेकवरच्या, म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवण्याच्या आणि त्यांच्या कडा घासण्याच्या कामात, नटमध्ये (नेकच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा), खुंट्यांत आणि पिकअपमध्ये. क्लासिक व्हाइबमध्ये नट हाडाचा असतो, पिकअप अल्निको चुंबकांचे असतात. अफिनिटीत नट साधा असतो आणि तो बसवतानाही घाई झालेली दिसते.

या नटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा अफिनिटींपैकी बहुतेकांचं दुखणं तिथेच असतं. गेल्या दिवाळीनंतर कळव्याचा एक मुलगा नवा अफिनिटी जॅझ घेऊन आला. म्हणाला, ‘काका, ट्यूनरवर चारही मोकळ्या तारा सुरात आहेत, पण पहिल्या फ्रेटवर वाजवलं की बेसूर लागतं. की-बोर्डवाला माझ्याकडेच बघतो.’ मी ई तार, म्हणजे सर्वांत जाड तार, तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरली आणि पहिल्या फ्रेटवर तार किती वर राहते ते बघितलं. तिथे जेमतेम कागद सरकेल इतकी फट हवी. याच्यात जाड पुठ्ठा सहज गेला असता. नटची खाच वर राहिली की पहिल्या फ्रेटपर्यंत तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. तार सैल करून बाजूला घेतली, तारेच्या जाडीची कानस खाचेत धरून खुंट्या असलेल्या डोक्याच्या बाजूला किंचित उतार ठेवत सात-आठ वेळा ओढली, तार परत बसवून बघितलं. पुन्हा तीन वेळा. मग दुसरी तार. एक तास गेला. पहिल्या फ्रेटचा स्वर जागेवर आला आणि त्या मुलाची डाव्या हाताची पकडही सैल झाली, कारण इतके दिवस तो तार दाबायला लागतं त्याच्या दुप्पट जोर लावत होता. तू म्हणतेस की तासभर वाजवलं की मनगट दुखतं. मैत्रिणीच्या बेसचा नट एकदा असाच तपासून बघ. दुखण्याचं सगळं खापर लहान हातांवर फोडू नकोस.

दुकानात गेलीस की आवाजाच्या आधी नेक बघ. बेस मांडीवर घे, डाव्या हाताने ई तार पहिल्या फ्रेटवर दाब, उजव्या हाताच्या करंगळीने तीच तार नेक बॉडीला मिळतो तिथे दाब, आणि अंगठ्याने सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेला टिचकी मारून बघ. तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट हवी, साधारण ०.३ मिलिमीटर. फट अजिबात नसेल तर नेक अगदी सरळ आहे किंवा मागे वाकलाय, बोट जाईल इतकी असेल तर पुढे वाकलाय. दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतली सळई फिरवून, सुटतात, त्यामुळे घाबरू नकोस. घाबरायचं ते नेक पिळलेला असला तर. त्यासाठी बेसचं बूड डोळ्यांपाशी धर आणि ब्रिजकडून नटकडे नजर टाक. फ्रेटच्या ओळी एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. पुढच्या आणि मागच्या फ्रेटची पातळी तिरपी दिसली तर तो बेस तिथेच ठेव, कितीही सवलत दिली तरी. माझा पहिला बेस, त्या बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, दुसऱ्याच पावसाळ्यात असा पिळला की ‘जी’ स्वराची तार बाराव्या फ्रेटपुढे वाजेना. तो कोणालाच सरळ करता आला नाही. तेव्हा नेक कसा बघायचा हे सांगणारं कोणी नव्हतं म्हणून तुला इतकं सांगतोय.

मग चारही तारा प्रत्येक फ्रेटवर एकेक करून वाजव. अँपची गरज नाही. कुठे खडखड झाली तर ती एकाच फ्रेटवर आहे की सगळीकडे आहे ते बघ. सगळीकडे असेल तर सेटअपने जाते. एकाच फ्रेटवर असेल तर तो फ्रेट उचललेला असतो, आणि त्याला वेगळे पैसे पडतात.

पावसाळ्याचं बोलायलाच हवं. ऐरोलीला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर. जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं, नेक पुढे वाकतो, तारा वर जातात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उलट होतं. त्यामुळे वर्षातून दोनदा ट्रस रॉडला पाव आटा इकडे किंवा तिकडे द्यावा लागतो, हा बेसमधला दोष धरू नकोस. माझ्याकडे दोनदा येऊन बघ, तिसऱ्यांदा घरीच करशील. एक आठवण ठेव, पाव आट्याहून जास्त एका वेळी कधीच फिरवायचं नाही. फिरव, रात्रभर राहू दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघ. स्क्वायरचे आपल्याकडे येणारे बरेच बेस इंडोनेशियात बनतात, आणि तिथली हवाही आपल्यासारखीच दमट. म्हणून फ्रेटच्या कडा हाताला टोचण्याची जी तक्रार कोरड्या देशांतले लोक करतात ती आपल्याकडे कमी येते. चोवीस तास एसीच्या दुकानात वर्षभर टांगलेला बेस असेल तर मात्र नेकच्या कडेवरून तळहात फिरवून बघ.

फिंगरबोर्डच्या, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीच्या, लाकडाचं नाव दुकानदार ‘इंडियन लॉरेल’ सांगेल. परदेशी लाकूड समजू नकोस, तो आपला ऐन. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात गेलीस की मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसते ना, तेच झाड. पूर्वी या जागी शिसवी असायची. जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली आणि वाद्यं बनवणारे दुसऱ्या लाकडांकडे वळले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर स्वस्त रेंजमध्ये ऐन रुळला होता. ऐन दिसायला फिकट आणि कोरडा, म्हणून लोक नाक मुरडतात. वाजवण्यात मला फरक जाणवलेला नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तारा काढून फिंगरबोर्डवर थोडं तेल पूस, लाकूड गडद होतं आणि हाताला छान लागतं.

आता तुझा खरा प्रश्न, जॅझ की प्रिसिजन. तू वाजवणार आहेस मांडवात. जनरेटरवरची लाइन, अर्थिंगचा पत्ता नाही, शेजारी एलईडीच्या माळा आणि डीजेचा रॅक. जॅझ बेसमध्ये दोन सिंगल कॉइल पिकअप (एकेका वेटोळ्याचे, विजेची घरघर पकडणारे) असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की ते एकमेकांची घरघर मारतात, कारण एक दुसऱ्याच्या उलटा गुंडाळलेला असतो. पण आवाज बदलायला तू एक व्हॉल्यूम जरा खाली घेतलास की घरघर सुरू. घणसोलीला एका हळदीत मी गाण्याआधीच्या शांततेत हे ऐकलंय, सगळा मांडव स्टेजकडे बघतो. प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत विभागलेला असतो, १९५७ पासून तो तसाच आहे, आणि घरघर मुळातच मारतो. कोणतंही बटण कुठेही फिरव, शांत. शिवाय ऑक्टोपॅड, की-बोर्डचा डावा हात आणि ढोलकी या तिघांच्या मधून प्रिसिजनचा ठोका सरळ पुढे येतो. कोळीगीताच्या ठेक्यात बेसने स्वर कमी घ्यायचे आणि जागेवर घ्यायचे असतात, त्या कामाला प्रिसिजनच हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून तुझ्यासाठी माझं उत्तर अफिनिटीचा प्रिसिजन पीजे. त्यात प्रिसिजनचा पिकअप आहेच, शिवाय ब्रिजजवळ जॅझचा एक पिकअप आहे. मांडवात जॅझचा व्हॉल्यूम पूर्ण बंद ठेव. कॉलेजच्या बँडमध्ये स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोका मारून, वाजवायचं असेल तेव्हा उघड.

लहान हातांबद्दल. जॅझचा नेक नटपाशी साधारण ३८ मिलिमीटर असतो, जुन्या धर्तीच्या प्रिसिजनचा ४२ च्या आसपास, म्हणून लोक लहान हातांना जॅझ सांगतात. हा फरक हाताला जाणवतो, नाकारत नाही. पण तुला खरी अडचण रुंदीची नसून लांबीची येत असणार. पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं पसरायचा प्रयत्न करतेस ना? सोड. कॉन्ट्राबासवाले (उभा मोठा बेस वाजवणारे) वापरतात ती पद्धत धर. पहिलं बोट, दुसरं बोट, आणि तिसरं-चौथं दोन्ही एकत्र. तीन फ्रेटचा पल्ला, चौथ्यासाठी हात सरकवायचा. अंगठा नेकच्या मागे मधोमध. पंधरा दिवसांत फरक कळेल. तरीही ३४ इंच जड वाटलंच तर सॉनिकमध्ये ३० इंची ब्रॉन्को आहे. मी तो ऑर्केस्ट्रासाठी सांगणार नाही, त्याची ई तार ढिली लागते.

मामांच्या ऑर्केस्ट्रात गाणी कोणत्या पट्टीत चालतात ते आजच विचार, याकडे कोणी लक्ष देत नाही. चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन. गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गात असेल तर त्याचा खालचा सा तुझ्याकडे नसतोच, तो वरच्या सप्तकात वाजवावा लागतो आणि गाणं हलकं वाटतं. म्हणून कोणीतरी तुला पाच तारांचा घ्यायला सांगेल. अफिनिटीत पाच तारांचा जॅझ आहे, पण या किमतीतल्या बेसवर खालची बी तार क्वचितच घट्ट आणि स्वच्छ लागते. तिचा स्वर ३१ हर्ट्झच्या आसपास, आणि मांडवातले टॉपवाले स्पीकर तो स्वर बाहेर काढतच नाहीत. काळी दोनची गाणी जास्त असतील तर चारही तारा अर्धा स्वर उतरवून घे. काळी एकच्या गाण्याला तीच खालची तार आणखी एक स्वर उतरव. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलतो तेवढ्या वेळात होतं, फक्त क्लिपवाला ट्यूनर बेसच्या डोक्यावर लावलेला असू दे.

क्लासिक व्हाइब परवडला तर घ्यावा का? नवा तुझ्या बजेटात बसत नाही. जुना मिळाला तर अफिनिटी सोडून तोच घे. त्यात एकच गोष्ट मला खटकते. नेकवर चकचकीत पॉलिश असतं आणि मे महिन्यात घाम आला की अंगठा चिकटतो. मी माझ्या नेकची मागची बाजू बारीक स्क्रबरने हलक्या हाताने मॅट करून घेतली. अफिनिटीचा नेक मुळातच मॅट असतो. जुना बेस बघताना ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का ते विकणाऱ्यासमोर फिरवून बघ. अडकलेला किंवा झिजलेला असेल तर घेऊ नकोस. ब्रिजचे स्क्रू गंजले असतील तर तो बेस पावसात वाजलाय, पॉटही खरखरत असतील. ते साफ होतात, तेवढी किंमत कमी करून माग.

सॉनिकबद्दल एकच वाक्य. फक्त शिकायचं असतं तर चाललं असतं, तुला पैसे घेऊन वाजवायचं आहे.

अँपसाठी आत्ता खर्च करू नकोस. मांडवात साउंडवाल्याच्या डीआय बॉक्समधून (बेस मिक्सरला जोडणारी छोटी डबी) थेट मिक्सरला जाशील. घरी छोट्या अँपच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झची ई तार खरी ऐकूच येत नाही, आणि जी येते ती भिंतीतून शेजारच्यांकडे जाते. हेडफोनचा छोटा अँप घे, रात्री बाराला वाजवलंस तरी आईची झोपमोड होणार नाही.

खरेदीला धोबीतलावला गेलीस तर परतताना संध्याकाळच्या लोकलला बेस घेऊन जनरल डब्यात चढू नकोस. सव्वा मीटरच्या आसपास लांबी असते, डोकं दाराला आपटलं की नट गेला. दुपारीच निघ, ठाण्याला गाडी बदल. आणि आणल्या दिवशी माझ्याकडे आणू नकोस. आठवडाभर घरात, पंख्याखाली, स्टँडवर राहू दे, रोज वाजव. दुकानाच्या एसीतून निघालेला नेक ऐरोलीच्या हवेत बसायला तेवढे दिवस घेतो. मग ये, आणि येताना कायम वापरणार आहेस त्याच तारांचा नवा संच आण, ४५ ते १०५ चा. सेटअप त्या तारांवरच करू, कारण नंतर गेज, म्हणजे तारांची जाडी, बदललं की ताण बदलतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.